रात्री चार्जिंगला काय काय लावून झोपता?

पोस्ट मोठी झाली आहे. पण घरात कॉलेजला जाणारं पोर असेल, किंवा दारात इलेक्ट्रिक स्कूटर असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यातली गोष्ट. शेवटचं पान सोडून घरी पोहोचायला रात्रीचा एक वाजला. सगळे झोपलेले. मुलाच्या उशाजवळ एक निळा ठिपका लुकलुकत होता. मोबाइल असेल म्हणून वायर काढायला गेलो, तर हातात टॉर्चसारखी जाडजूड वस्तू आली. चांगलीच गरम. आणि तिला आंब्याच्या गोळीचा वास.

व्हेप. म्हणजे ई-सिगारेट. तंबाखूविरोधी दिनाला दरवर्षी मी ज्यावर बातमी लिहितो, ती माझ्याच घरात.

सकाळी व्हायचं ते झालं. "बाबा, सिगारेट नाहीये ती, नुसती वाफ असते," असं चिरंजीव म्हणाले. मी आवाज चढवला. निकोटिन, फुप्फुसं, बारावीचं वर्ष, सगळं बोलून झालं. बायको इतका वेळ गप्प होती. मग तिने एकच विचारलं, "रात्रभर हे त्याच्या डोक्याशी तापत होतं?"

माझा आवाज तिथेच बसला.

कारण सप्टेंबर २०२२. वसई पूर्व. घरात ई-स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली. पहाटे स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात गेला. आपल्यापैकी अनेकांना ते घर आठवत असेल. मी तेव्हा बातमी केली होती. दोन कॉलम. पोलिसांत नोंद, तपास सुरू, संपलं. बॅटरी का फुटते, घरात काय सांभाळायचं, यावर मी एक ओळ लिहिली नाही. दोन दिवसांनी विषय बदलला, पानही बदललं. आज ती राहिलेली ओळ लिहितोय.

व्हेपच्या आतला सेल बाहेर काढला. आपल्या पेन्सिल सेलपेक्षा जाड आणि लांब. वेष्टनावर ठळक छापलेलं, ९८०० एमएएच. एका बाजूचं वेष्टन फाटलेलं. नालासोपाऱ्यात बॅटरी पॅक दुरुस्त करणारा एक ओळखीचा कारागीर आहे. त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने नुसता हातात धरला आणि हसला. "साहेब, या मापात ९८०० चा सेल अजून जन्माला यायचाय."

या मापाला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या कंपनीचा सेल सहसा फार तर ३५०० एमएएचच्या आसपास जातो. त्याच्या कितीतरी पुढचा आकडा दिसला की समजायचं, छापणारा खोटं बोलतोय. आणि जो आकडा खोटा छापतो, तो आतला माल खरा कशाला भरेल? आमच्या सेलचं वेष्टन सोललं, तर खाली दुसऱ्याच रंगाचं जुनं वेष्टन निघालं. कारागीर म्हणाला, हा जुन्या लॅपटॉपमधला.

लॅपटॉपचा सेल हळूहळू वीज द्यायला बनवलेला असतो. व्हेपची कॉइल मात्र एका झुरक्याला १५-२० अँपिअर ओढू शकते. बैलगाडीच्या बैलाला शर्यतीत पळवण्यासारखं आहे हे. सेल तापतो. आतले दोन थर वेगळे ठेवणारा पातळ पडदा वितळला, की आतल्या आत शॉर्ट. मग उष्णतेने आणखी उष्णता वाढत जाते आणि ते थांबवायला कुणाच्या हातात बटण नसतं. स्कूटरच्या पॅकमध्येही असेच सेल असतात, फक्त एकाऐवजी कित्येक.

वेष्टन फाटलेला सेल तर खिशात ठेवूच नये. या सेलचं वरचं टोक सोडलं, तर बाकी सगळं धातूचं अंग ऋण असतं. मध्ये फक्त ते कागदासारखं वेष्टन. खिशातली किल्ली किंवा नाणं दोन्हीकडे टेकलं, की झालं.

तुम्ही म्हणाल, मग व्हेपसाठी चांगला सेल कोणता, ते सांगून टाक. प्रामाणिक उत्तर असं, की आपल्याकडे ते देता येत नाही. सप्टेंबर २०१९ पासून देशात ई-सिगारेटवर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी पोरांना मिळतंच. पण मिळतं ते बिलाशिवाय, खुणेशिवाय, मित्राच्या मित्राकडून. उद्या फुटलं तर तक्रार कुणावर करणार? माझा मुलगा विकणाऱ्याचं नावसुद्धा सांगू शकला नाही. ज्या वस्तूला मालक नाही, तिची जबाबदारीही कुणाची नाही. फुप्फुसांचा मुद्दा आहेच. पण हा दुसरा मुद्दा पोरांना लवकर पटतो, हे माझ्या अनुभवावरून सांगतो.

त्या रात्री मी घरातल्या सगळ्या बॅटऱ्या टेबलावर मांडल्या. पॉवरबँक आणि लिथियम सेल विकायला आपल्याकडे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर मानकाची खूण आणि 'आर' अक्षरापुढे आठ अंकी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. आमच्या पाच वस्तूंपैकी दोघांवर तो होता. नसलेल्यांत माझी स्वतःची पॉवरबँक. स्टेशनबाहेरून घेतलेली, आणि रोज माझ्या उशाखाली. पोराला कोणत्या तोंडाने बोलणार?

आता "रात्री चार्जिंग लावू नका" हे सांगणं सोपं आहे. पण आपलं आयुष्य कसं आहे? पहाटेची लोकल, रात्री नऊ-दहाला विरार फास्टमधून बाहेर. दिवसा घरी असतो कोण? एका खोलीचं घर, एकच मोकळा सॉकेट, तोही पलंगाशेजारी. म्हणून जमेल तेवढंच सांगतो.

घरी आल्याबरोबर चार्जिंगला लावा, जेवण आणि टीव्ही होईपर्यंत. झोपताना काढा. गादी-उशीवर नको, लादीवर ठेवा. स्कूटरची बॅटरी दार आणि माणसं यांच्या मध्ये कधीच नको, पेटली तर बाहेर पडायची वाट तीच असते. चार्जर त्याच कंपनीचा वापरा. फुगलेली, पडून चेपलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही. पावसात पाण्याखाली गेलेल्या स्कूटरची तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय नाहीच. २०१८ च्या जुलैचं पाणी आपण विसरलेलो नाही, आणि दर पावसाळ्यात कुठलं ना कुठलं पार्किंग भरतंच. धूर दिसला तर बॅटरी वाचवायला जाऊ नका. माणसं बाहेर काढा, शक्य असेल तर मेन स्विच बंद करा, १०१ लावा.

स्कूटर नवीन घेत असाल तर बॅटरी एआयएस १५६ च्या सुधारित नियमांप्रमाणे आहे का, हे विचारून लेखी घ्या. हे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जुना पॅक स्वस्तात "सेल बदलून" देणाऱ्याला सेल कुठले घालणार ते विचारा.

सोसायट्यांच्या कमिटीला एक विनंती. पार्किंगमध्ये स्वतंत्र एमसीबी टाकून चार्जिंग पॉइंट द्या. बिलावरून भांडण होईल म्हणून लोक बॅटऱ्या वर घरात नेतात. भांडण मिटवता येतं.

आणि महापालिकेला एक. बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ पासून आहेत, परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण सामान्य माणसाला घराजवळ जागा हवी. प्रत्येक प्रभाग समिती कार्यालयात जुन्या बॅटऱ्यांसाठी एक पेटी ठेवायला किती खर्च येईल?

हे विचारतोय, कारण तो सेल अजून माझ्या गॅलरीत आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात. घंटागाडीत टाकवत नाही. कचऱ्यात हात घालणाऱ्या माणसाच्याही घरी पोरं आहेत.

मुलाने व्हेप सोडलं म्हणतो. मी विश्वास ठेवलाय, आणि लक्षही. परवा रात्री घरी आलो तर माझी नवी पॉवरबँक लादीवर, वायर काढलेली. कुणी काढली, ते मी विचारलं नाही.

आज झोपण्याआधी एकदा उशाजवळ बघा.