देवघेवीची वही

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावचा एक पोरगा मोटारसायकलवर आला. वाचनालयाच्या पायरीवर चप्पल काढता काढताच म्हणाला, "काका, तुमचा तो मंजूर झालेला प्रस्ताव आहे ना, त्याची झेरॉक्स पाहिजे होती. गावाचं नाव बदलतो अन् देतो पाठवून."

त्याच्या गावात अभ्यासिका काढायची होती. पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी दहा-बारा पोरं, बसायला जागा नाही. मी त्याला चहा पाजला, झेरॉक्स मात्र दिली नाही. तोंड वाकडं करूनच तो गेला. मला त्याचा राग कळत होता. वीसएक वर्षांपूर्वी असाच नमुना शोधत मीही हिंगोली-परभणीच्या एसट्या झिजवल्या आहेत.

आमचं वाचनालय वसमत तालुक्यातलं, 'ड' वर्गाचं. सरकारी हिशेबात ही शेवटची पायरी. 'ड' वर्गाला वर्षाला ३०,००० रुपये मिळायचे, ६० टक्के वाढ झाली तेव्हा ते ४८,००० झाले. आकडा ऐकायला बरा वाटतो. महिन्यावर आणला की ४,०००. त्यातले निम्मे वेतनाचे धरले, तर ग्रंथपालाच्या हातात २,००० पडायचे. हळद काढणीच्या मजुरीला गेलं तर चार-पाच दिवसांत तेवढे सुटतात. उरलेल्यात पुस्तकं, पेपरवाला, वीजबिल, लेखापरीक्षकाची फी आणि दरवर्षी गळणारा तोच एक पत्रा. त्यामुळं आमच्यासारख्या वाचनालयाचा माणूस आधी ग्रंथपाल, मग झाडूवाला आणि उरलेल्या वेळात अर्जनवीस असतो.

मी लिहिलेला पहिला प्रस्ताव सात पानांचा होता. पहिल्याच ओळीत ज्ञानगंगा. पुढं संत नामदेवांची नरसी आपल्याच जिल्ह्यात असल्याचा उल्लेख. मग नरहर कुरुंदकर. त्यांचं मूळ गाव कुरुंदा आमच्याच तालुक्यात, त्यामुळं पुस्तकांवर आमचा जरा जास्तच हक्क आहे, असा सूर. लिहून झाल्यावर मी तो मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काही महिन्यांनी कागद परत आला. वर लाल शाईत दोन शब्द: 'त्रुटीपूर्तता करावी.' त्रुटी कोणत्या, ते लिहिलेलं नव्हतं.

कागद परत पाठवणाऱ्या कार्यालयात दोन खेटे वाया गेले. तिसऱ्या खेपेला एका वयस्कर कारकुनानं फाइल काढली, सातही पानं शांतपणे वाचली आणि म्हणाला, "भाऊ, भाषा झकास आहे. पण खोली कोणाची, ते कुठंय?"

खोली कोणाचीच नव्हती, म्हणजे सगळ्यांची होती. गावातल्या एका म्हाताऱ्यानं तोंडी दिलेली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून त्याचंच नाव, तो वारून आठ वर्षं झालेली, वारस चार, त्यातला एक चाकणला कंपनीत. सगळे एका दिवशी गावात आले ते पोळ्याला. बक्षीसपत्र नोंदवून व्हायला आणखी वर्ष गेलं. तेवढ्यात दुसरी भानगड निघाली. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत आमचे दोन दिवंगत विश्वस्त अजून कारभार पाहत होते. कलम २२ खाली फेरफार अहवाल द्यायचा असतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. मनात कितीही तळमळ असली तरी देणाऱ्याला आधी पाहायचं असतं, की पैसे कोणाच्या हातात द्यायचे. तो हात कागदावर असावा लागतो, आणि जिवंत असावा लागतो.

आपल्याला असं दारोदार का फिरावं लागतं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळायचा. उत्तर कायद्यात सापडलं. १९४८ च्या मद्रासच्या कायद्यानं घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर लावला. त्यामागं ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा आग्रह होता. आपल्याकडं १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, पण उपकर आला नाही. सरकारनं तिजोरीतून अनुदान द्यायचं आणि गावोगावच्या संस्थांनी वाचनालयं चालवायची, अशी वाटणी झाली. तिच्यात एक गंमत आहे. वाचनालय गावाचं राहिलं, आणि मागणंही गावाच्याच वाट्याला आलं.

मराठवाड्याला तसं ते नवं नव्हतं. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' हा परवानगीचा हुकूम आडवा यायचा. तेव्हा चार माणसांनी एकत्र बसायची सोय वाचनालयातच होती. ती माणसं वर्गणीवर वाचनालयं चालवत आणि हिशेब चोख ठेवत. परवानगीच्या राज्यात गलथान कारभार परवडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं.

आम्हाला ते २०१२ मध्ये कळलं. त्या वर्षी मे महिन्यात राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी झाली. महसूल खात्याची माणसं आली, दाखलनोंद वही उघडून पुस्तकं मोजायला लागली. खरं सांगतो, त्याआधी दोन वर्षं मला मोह झाला होता. सभासद ऐंशी होते ते दीडशे दाखवावेत, कोणाला काय कळतंय? सल्ला देणारेही पुष्कळ होते. आमच्या ग्रंथपालानं वहीला हात लावू दिला नाही, म्हणून वाचलो. पण कागदावरच्या वाचनालयांचं पाप खऱ्यांनाही भोवलं. पुढं कित्येक वर्षं नवी मान्यता आणि वर्गवाढ दोन्ही बंद राहिली. आमच्या पुस्तकांनी नुकताच हजाराचा उंबरठा ओलांडला होता, 'क' वर्ग समोर दिसत होता, आणि दार लागलं.

दार लागल्यावर आम्ही दुसऱ्या वाटा शोधल्या. प्रत्येक वाटेची बोली वेगळी. आमदार निधीला जागेचा उतारा, अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि ग्रामपंचायतीचा ठराव लागतो; तिथं वाचनसंस्कृतीवर परिच्छेद लिहिणं म्हणजे कागदाची नासाडी. कंपन्यांचं वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं स्थापण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, हे मी एका अर्जात ठळक अक्षरात लिहिलं होतं. तिकडून फोन आला: १२ए आणि ८०जी आहे का? सीएसआर-१ भरलाय का? लाभार्थी किती? या तिन्हींची उत्तरं तयार असतील तरच पुढं बोलणं. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान आणि असमान निधी योजना आहेत. तो अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत संचालनालयाकडं आणि तिथून पुढं जातो. वाटेत एक सही राहिली की एक वर्ष गेलं. म्हणून मी ऐन मुदतीला अर्ज करणं सोडून दिलं. दिवाळीनंतर कागद गोळा करायला लागलो तरच मार्च एंडच्या आधी त्यांना पाय फुटतात.

कागद जमले तरी एक रकाना मला कायम अडवायचा: 'प्रकल्पाची गरज'. तिथं मी दरवर्षी 'ग्रामीण भागात वाचनाची आवड निर्माण करणे' असं लिहायचो. हे वाक्य कोणत्याही गावाला चालतं, म्हणून आमच्या गावाला चालत नव्हतं.

एका जानेवारीत ग्रंथपाल आजारी पडला आणि देवघेवीची वही माझ्याकडं आली. रोज कोणी काय नेलं, काय परत आणलं, एवढंच तिच्यात असतं. वेळ जात नव्हता म्हणून मागची पानं चाळली. दिवाळीनंतर पाचवी ते आठवीच्या अकरा मुलींची नावं नियमित दिसत होती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती एकेक करून गळाली. आदल्या वर्षीची वही काढली: तिथंही तसंच. त्याच्याही आदल्या वर्षी तसंच. एप्रिलमध्ये काही नावं परत यायची, काही यायचीच नाहीत.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. जानेवारीत आमच्याकडं हळद निघते. काढणी, शिजवणी, वाळवणी, मार्चअखेरपर्यंत बायकांना घरी पाठ टेकायला सवड नसते. धाकटी भावंडं मग या मुलींच्या कडेवर. कडेवर पोर घेऊन वाचनालयात आलं, की ते रडतं, पुस्तक ओढतं, आणि पेपर वाचणारे आजोबा खेकसतात. मुली यायच्या बंद.

त्या वर्षीचा प्रस्ताव एका पानाचा झाला. तीन वर्षांच्या वह्यांमधले महिन्यावार आकडे. खाली कारण, चार ओळींत. त्याखाली मागणी: लहान मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी मांडणी, सतरंज्या, चित्रांची पुस्तकं आणि मागच्या खोलीला वेगळं दार. शेवटी आमचा वाटा: दार गावच्या सुताराचं, रंग तरुण मंडळाचा, आणि हंगामात प्रत्येक हळदवाल्याकडून कट्ट्यामागं दहा रुपये. ज्ञानगंगा नाही, कुरुंदकर नाहीत. ते लिहायची गरज वाटली नाही, आणि कुरुंदकरांनाही ते आवडलं असतं असं मला वाटतं.

तो प्रस्ताव मंजूर झाला. मागच्या खोलीत आता हंगामात गोंधळ असतो. चित्रांच्या पुस्तकांची पानं कोपऱ्यांवर पिवळी झाली आहेत.

त्या पोराला झेरॉक्स दिली असती तर त्यानं माझ्या गावच्या अकरा मुली त्याच्या गावात नेऊन बसवल्या असत्या. म्हणून जाताना त्याच्या सॅकमध्ये एक कोरी फुलस्केप वही टाकली होती. म्हटलं, तुमच्या पारावर, शाळेच्या ओट्यावर, जिथं कुठं पोरं अभ्यासाला बसतात तिथं ही ठेव. कोण आलं, किती वाजता आलं, किती वाजता उठलं. सहा महिने. बाकी काही लिहू नको.

परवा त्याचा फोन आला. "काका, वही भरत आलीय. दुसरी लागायलीय." मग जरा थांबून म्हणाला, "अन् खोलीचं राहू द्या. पोरं रात्री नऊनंतरच यायलेत, दिवसा सगळे कामावर. शाळेची खोली रात्री रिकामीच असते, मुख्याध्यापक द्यायला तयार आहेत. पण लाइट टिकत नाही. आम्हाला इन्व्हर्टर पाहिजे अन् चार ट्यूब."

"ये उद्या," मी म्हणालो. "झेरॉक्स काढून ठेवतो."

"कशाची?" त्यानं विचारलं.