मेंदीचे कुंपण

घरात चोर शिरून गेला की भल्या माणसालाही एकाएकी बागेचा नाद लागतो, असा माझा अनुभव आहे. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही सारी मंडळी राजापूरला आजोळी गेलो होतो. तेवढ्यात इकडे साताऱ्याच्या घराचे कुलूप फुटले. आईच्या दोन पाटल्या, थोडी रोकड आणि तांब्याचा बंब गेला. आईने पाटल्यांपेक्षा बंबाचेच दुःख अधिक केले, ते असो. मी मात्र चोर मनाशी ठरवून टाकला होता. शेजारच्या नानांचा धाकटा मुलगा त्या सुमारास नोकरी सुटून घरी बसला होता आणि गच्चीत उभा राहून आमच्या अंगणाकडे पाहत असे. एवढ्या पुराव्यावर माझ्या कादंबरीत मी कोणाला शिंकूही दिले नसते!

तोंडाने मी काही बोललो नाही. मेंदी लावली. मेंदीचे एक बरे असते. तू कोणाविरुद्ध वाढतेस, असे तिला कोणी विचारीत नाही. दोन पावसाळ्यांत ती पुरुषभर उंच झाली. शिवाय दारावर एलईडीचा भला मोठा फोकस बसवला. रात्री अंथरुणावर पडले म्हणजे मला किल्लेदारासारखे वाटे.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत दुसरी चोरी झाली. या खेपेस चोराला घाई नव्हती. मागच्या खिडकीचे गज त्याने सावकाश कापले होते आणि मेंदीच्या आड बसून चार विड्याही ओढल्या होत्या. थोटके तशीच पडली होती. पंचनाम्याला आलेला शिपाई कुंपणाकडे पाहून म्हणाला, "मास्तर, आडोसा झकास केलाय तुम्ही."

मग नाना आले. "खडखड ऐकली होती हो मी," ते म्हणाले. "उठून बघितलंही. पण तुमच्या दिव्यानं डोळे दिपतात, पलीकडं काही दिसत नाही. आणि आता ही झाडी. पूर्वी तुम्ही गावाला गेलात की धाकटा गच्चीतून नजर ठेवायचा. मीच सांगून ठेवलं होतं त्याला."

मी त्यांना चहा विचारला. दुसरे काही सुचले नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात घरांचे नकाशे काढतो. त्याला हे सांगितले तेव्हा तो पोट धरून हसला. जेन जेकब्ज या अमेरिकन बाईंनी १९६१ सालीच लिहून ठेवले होते म्हणे, की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर असलेल्या माणसांच्या डोळ्यांमुळे. पुढे १९७२ मध्ये ऑस्कर न्यूमन यांनी घरांच्या रचनेबद्दल याच धर्तीचे पुस्तक लिहिले. दिव्यांचे तर गौडबंगालच आहे. शिकागोत १९९८ च्या सुमारास गल्ल्यांतले दिवे प्रखर केले, तर नोंदलेले गुन्हे वाढले. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत २०१६ साली दिवे लावले, तर रात्रीचे बाहेरचे गंभीर गुन्हे तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटले. "उजेड पडला तरी बघणारं कोणीतरी हवं ना, सर!" तो म्हणाला. मला आजोळचा गडगा आठवला. कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. त्यावरून आजी शेजारणीशी बोले, आणि परका माणूस पाणंदीत शिरला की दोघींना एकदमच कळे. आजीने जेकब्जबाईंचे नावही ऐकले नव्हते.

दुसऱ्याच रविवारी मी कोयता घेतला. मेंदी कमरेपर्यंत उतरवली. आंब्याच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वरपर्यंत छाटल्या, म्हणजे बुंध्यामागे कोणी उभा असेल तर दिसावा. मागच्या खिडकीखाली करवंदीची रोपे लावली आणि पुढे खडी पसरली. मांजर गेले तरी ती करकरते. फोकस काढून दोन लहान पिवळे दिवे लावले, वरून झाकलेले. उजेड पायांशी पडतो, कोणाच्या डोळ्यांत जात नाही. हे सारे करताना कोयत्याचे दुसरे टोक नानांचा धाकटा धरून होता, असे म्हटले तरी चालेल. न बोलावता आला, आणि फांद्या ओढून दिवसभर राबला. हातांवर ओरखडे उठले त्याच्या.

त्याला मी अजून काही सांगितलेले नाही. दिवाळी अंक आम्ही दोन्ही घरांत मिळून एकच घेतो. आधी माझा वाचून होतो, मग मेंदीवरून तो नानांकडे जातो.