धुराची साक्ष

मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हांस इंजिनाच्या पोटातील घडामोडींशी काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. पण लक्षणालाच कारण समजणे हा आमच्याही व्यवसायाचा जुना रोग आहे. कवितेत अंधार आला की कवी निराशावादी, हे निदान आम्ही उत्तरपत्रिकांतून दरवर्षी वाचतो. गाडीच्या धुराबाबतही असेच घडते.

पोर्शेची बॉक्स्टर 1996 साली बाजारात आली. तिचे सहा सिलिंडर समोरासमोर आडवे असतात. कोणत्याही इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू क्रँककेसमध्ये निसटतोच. तो पुन्हा जाळण्यासाठी इनटेककडे नेला जातो. या वाटेवरचा सेपरेटर वायूतील तेल वेगळे करून परत पाठवतो आणि आतील पातळ रबरी पडदा इनटेकची ओढ मर्यादेत राखतो. वीस-पंचवीस वर्षांनी रबर कडक होऊन चिरले, की ती ओढ थेट क्रँककेसवर येते. मग तेल इनटेकमध्ये खेचले जाते, निळसर-पांढरा धूर दाटतो, सीलमधून शीळ घुमते आणि चालू इंजिनावरचे तेलाचे झाकण निघता निघत नाही.

धूर मात्र रिंगा झिजल्यानेही येतो. शिवाय आडव्या सिलिंडरांत रात्रभर थोडे तेल झिरपते. सकाळी क्षणभर दिसणारा धूर हा रोग नव्हेच. तीन निरनिराळ्या कथा, साक्षीदार एकच! आणि निकालांत केवढे अंतर! एकात एक सुटा भाग बदलायचा. दुसऱ्यात सारे इंजिन उघडायचे, म्हणजे जुन्या गाडीच्या नशिबी बहुधा भंगार.

परदेशी असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला, बरीच वर्षे पैसे साठवून घेतलेल्या जुन्या स्पोर्ट्‌स कारबद्दल, एका गॅरेजने धूर पाहूनच हा दुसरा निकाल ऐकवला. त्याने तो मानला नाही. तेलाच्या जादा झाकणाला भोक पाडून त्याने नळी बसवली, ती मॅनोमीटरला जोडली आणि इंजिन गरम झाल्यावर मंद गतीवर ओढ मोजली. अशा इंजिनात ती पाण्याच्या सुमारे पाच इंचांइतकी, म्हणजे बारा-तेरा सेंटिमीटर असावी. वातावरणाचा दाब सुमारे 1,033 सेंटिमीटर. त्याचा हा जेमतेम सव्वा टक्का! ओढ याहून पुष्कळ अधिक निघाली तर संशय पडद्यावर. ओढीऐवजी उलट दाबच आढळला तर रिंगांवर. त्याला नऊ इंच मिळाले. सेपरेटर बदलल्यावर पाच.

गॅरेजवाल्याने धूर पाहिला यात वावगे काही नाही. तो तेथेच थांबला, हे वावगे. धुराने तक्रार केली होती, निवाडा दिला नव्हता. मुळाशी जावयाचे तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर आपल्या अंदाजाविरुद्ध जाऊ शकेल अशी सोय ठेवावी लागते. समीक्षेला असा मॅनोमीटर लाभलेला नाही. म्हणून तर तिने संहितेकडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाण्याचा कंटाळा करू नये.