सुपारीची कातर

इटालियनमध्ये अडकित्त्याच्या जातभाईला 'स्कियाच्चानोची' म्हणतात. 'स्कियाच्चा' म्हणजे चिरडतो, 'नोची' म्हणजे अक्रोड. क्रियापदाला नाम जोडलं की वस्तूचं नाव तयार. शब्द सोडवला की वस्तूचं कामच समोर येतं.

आपला 'अडकित्ता' असा मराठीत सुटत नाही. कानाला वाटतं, सुपारी अडकते म्हणून अडकित्ता. पण त्याची फोड कन्नडमध्ये होते. तिथे सुपारी म्हणजे 'अडके', कातर म्हणजे 'कत्तरी' आणि दोन्ही मिळून 'अडकत्तरी', सुपारीची कातर. पेचात पडलेला माणूस मराठीत अडकित्त्यात सापडतो, तसाच कन्नडमध्ये अडकत्तरीत.

मलयाळममध्ये सुपारी म्हणजे 'अडक्का'. पोर्तुगीजांनी त्याचं 'अरेका' केलं, आणि १७५३ साली लिनिअसने झाडाचं नाव 'अरेका कॅटेचू' असं नोंदवलं. म्हणजे चंचीतलं हत्यार आणि वनस्पतिशास्त्राचं पुस्तक, दोघांचं कूळ एकच.

कर्जत तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू गावात सुपारीचं झाड नाही. सुपारी बाहेरून येते, कोकणातून, कर्नाटकातून. वस्तू येते तेव्हा तिच्यामागे शब्दही येतो, आणि त्याला कुणी गाव विचारत नाही.

सुनेला मात्र विचारतात. माझी आज्जी अक्कलकोटकडची, माहेरची भाषा कानडी. लग्न होऊन आली तेव्हा 'ती दूध', 'तो भाकरी' असं बोलायची आणि घर हसायचं. हसण्याला कंटाळून तिने कानडी तोंडातच ठेवली. माहेरचं कुणी आलं की अंगणात बसून तेवढी बोलायची, आवाज खाली घेऊन. माझ्या वडिलांना ती भाषा आली नाही, आत्यांना आली नाही. मला तिच्यातली एक शिवीसुद्धा येत नाही. एक अख्खी भाषा आमच्या घरात पन्नास वर्षं राहिली आणि कुणाला न देता गेली.

आणि रोज जेवण झालं की तेच घर तिच्याकडे हात पुढे करायचं, "अडकित्ता दे गं."

तिला 'कानडी' म्हणून सगळ्यात जास्त चिडवायची ती तिची थोरली नणंद. त्या नणंदेला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. थोरल्या बहिणीला अक्का म्हणणं, हेही कानडीच.