मोडनिंबचे केळकर आणि आमच्या घरचा हिशेब

द्वितीय वर्ष कला

टेंभुर्णीला मावशीकडे जाताना आमची एस. टी. मोडनिंबला थांबते. शेंगदाण्याच्या पुड्या विकणारी पोरे खिडकीशी येतात, कंडक्टर खाली उतरून चहा घेतो आणि गाडी पुढे निघते. या गावाची माझी ओळख एवढीच होती. गेल्या वर्षी मराठीच्या तासाला सरांनी सांगितले, "साहित्यसम्राट न. चिं. केळकर आपल्याच जिल्ह्यातल्या मोडनिंबचे." मला मोठी गंमत वाटली. जिथे आपण शेंगदाणे घेतो तिथे साहित्यसम्राट जन्माला आले!

मग ग्रंथालयातून त्यांचे आत्मचरित्र 'गतगोष्टी' आणले, आणखीही दोन-चार पुस्तके चाळली. नरसिंह चिंतामण केळकर यांचा जन्म २४ ऑगस्ट १८७२ चा. मोडनिंब तेव्हा मिरज संस्थानात होते. शिक्षण झाल्यावर त्यांनी काही काळ साताऱ्यास वकिली केली. १८९६ साली टिळकांनी बोलावले म्हणून ते पुण्यास आले आणि जन्मभर तेथलेच झाले. 'मराठा' आणि 'केसरी' ही दोन्ही पत्रे त्यांनी सांभाळली. 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, टिळकांचे तीन खंडांचे चरित्र लिहिले. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच एका अध्यक्षपदाने. १९१८ साली आणि पुन्हा १९२२ ते १९२४ या काळात केळकर पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्या वेळी पुण्याला महापालिका नव्हती. ती १९५० साली झाली. आपल्या सोलापूरला तर १९६४ साल उजाडावे लागले. साहित्यसम्राट आणि नगरपालिका! एकीकडे नाटक, विनोद, काव्यचर्चा आणि दुसरीकडे नळ, गटारे, दिवाबत्ती, कराची थकबाकी. एकाच माणसाने ही दोन्ही कामे केली, याचे मला फार कौतुक वाटले. मोठा माणूस शहराच्या कचऱ्याचाही विचार करतो, तेव्हाच तो खरा मोठा, असे मी वहीत लिहूनही ठेवले.

पुढे वाचत गेले आणि एका जागी अडखळले.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार त्याने नगरपालिकांना दिला. पुण्यात प्रश्न उभा राहिला की, सक्ती कोणाला? मुलांना की मुलामुलींना? टिळकपक्षाचे म्हणणे पडले की, पैसा अपुरा आहे. तेव्हा आधी मुलांचे करू, मुलींचे मागाहून पाहू. नगरपालिकेत या पक्षाच्या अग्रभागी केळकर होते. याविरुद्ध १९२० साली पुण्यातल्या स्त्रिया मोर्चा काढून रस्त्यावर आल्या. रमाबाई रानडे त्यात पुढे होत्या आणि विठ्ठल रामजी शिंदे त्यांच्या पाठीशी होते.

"आधी मुलांचे, मुलींचे मागाहून." हे वाक्य मी पुस्तकात पहिल्यांदा वाचले नाही. ते मी आमच्या घरात ऐकले होते.

माझे वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. मी बारावी पास झाले त्याच उन्हाळ्यात भावाला पदविकेला प्रवेश मिळाला. वडील काही वाईट बोलले नाहीत. त्यांनी फक्त हिशेब मांडला. माझी फी मोठी नव्हती. पण मी कॉलेजात गेले की आईच्या जोडीने विड्या वळणारे दोन हात कमी होणार, म्हणजे तेवढी मजुरी बुडणार. "पोराचं होऊ दे आधी. पुढच्या वर्षी तुझं बघू," ते म्हणाले. आईने सुपातून मान वर केली नाही. पान कातरता कातरता एवढेच म्हणाली, "पुढचं वरीस कुणी बघितलंय?" त्या दिवसापासून ती रात्री एक तास जास्त बसू लागली. मी या अंकात लिहिते आहे ते त्या तासाच्या बळावर.

म्हणून मला केळकरांचा राग आला काय? खरे सांगायचे तर आला. दोन दिवस 'गतगोष्टी' मी उघडलेच नाही. मग वाटले, माझे वडील तरी कुठे दुष्ट आहेत? पैसा खरोखरच कमी होता. पुण्यातही तो कमीच असेल. पण पैसा कमी पडला की रांगेत मागे कोणी उभे राहायचे, हे पैसा ठरवीत नाही. ते माणसे ठरवतात, आणि ते इतके आधीपासून ठरलेले असते की ठरवणाऱ्यालाही तो निव्वळ हिशेबच वाटतो.

याच्या तेहेतीस वर्षे आधी, १८८७ साली, अमेरिकेतील कॅन्सस राज्यात आर्गोनिया नावाच्या खेडेवजा शहरात काही पुरुषांनी थट्टा म्हणून सुझाना सॉल्टर या बाईचे नाव नगराध्यक्षपदासाठी पुढे केले. ती निवडून आली आणि अमेरिकेतील पहिली स्त्री नगराध्यक्ष ठरली! आपल्या सोलापुरातही २०१७ साली शोभा बनशेट्टी आणि २०१९ साली श्रीकांचना यन्नम महापौर झाल्या. रांग बदलते, पण कोणीतरी ती मोडल्याशिवाय नाही. पुण्यात त्यासाठी मोर्चा निघाला. आमच्या घरी आई एक तास जास्त बसली.

केळकरांचे पुस्तक मी पुन्हा उघडले आणि पुरे केले. त्यांची लेखणी मला आजही आवडते. वहीतले ते वाक्यही खोडले नाही. त्याच्याखाली फक्त एक ओळ वाढवली : मोठ्या माणसाचाही हिशेब तपासून घ्यावा.

आता गाडी मोडनिंबला थांबली की मी शेंगदाण्याच्या दोन पुड्या घेते. एक माझी, एक आईची. भावाची मागाहून!