चाकोरी

वेताळ टेकडीवर सायकल पहिल्यांदा नेली ती खांद्यावरून. अकरा-बारा वर्षांचा असेन. तासाच्या भाड्यानं आणलेली मोठ्यांची सायकल, नळीखालून पाय घालून कैची मारायची, आणि आम्ही तिघं. आळीपाळीनं ओझं वाहत खाणीपाशी पोचलो तोवर तास संपत आला होता. उतरताना ब्रेकची रबरं तापली, त्यांचा वास सुटला, आणि पुढचं चाक दगडावर आपटलं. आऊट काढायचे पैसे दुकानदारानं घरून आणायला लावले. टेकडीचं नाव मात्र आम्ही सांगितलं नाही.

कॉलेजात जाड टायरची, आडव्या हँडलची रेंजर मिळाली. तिच्यावर ‘माउंटन’ असं लिहिलेलं होतं. तिनं डोंगर पाहिला नाही, क्लास आणि टपरी एवढंच पाहिलं.

खरी डोंगरी सायकल घेतली ती चाळिशी उलटल्यावर. पुढं शॉक, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. किंमत घरी थोडी कमी करून सांगितली. पुण्याचं एक सुख असं, की पहाटे साडेपाचला घरातून निघालं तर सहाला आपण वेताळ टेकडीवर, शहराच्या सगळ्यात उंच जागी असतो. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. खाली गाड्या सुरू झालेल्या, वर मोर ओरडतायत. वाटेच्या दोन्ही बाजूंना वनखात्यानं लावलेली गिरिपुष्पाची झाडं. ही मूळची मध्य अमेरिकेतली. आपल्याकडे उंदीरमारी म्हणून ठाऊक. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झडून नुसत्या फांद्यांवर गुलाबी फुलं येतात, पुढं वाळक्या शेंगा तडकतात. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा टायर फुटला समजून मी खाली उतरलो होतो.

त्या दिवसांत वाट मला फक्त उतरायची गोष्ट वाटे. मागचा ब्रेक करकचून दाबायचा, चाक घसरवायचं, मुरूम उडवायचा. उतारावर आडवे खणलेले समतल चर आहेत ना, त्यांच्या खालच्या अंगाला मातीचा बांध असतो. त्यावरून उडी झकास बसते. आम्ही पाच-सहा जण रविवारी एकाच बांधावरून उड्या मारायचो. चर कशासाठी खणतात हे शाळेत शिकलो होतो. पाणी अडवायला, जिरवायला. उडी मारताना ते कोणाला आठवतं?

जुलैत एकदा पाऊस उघडल्यावर एकटाच गेलो. आमचा बांध टायरनी खचून मधोमध वीतभर खाली गेला होता. चर तुडुंब भरलेला, आणि पाणी नेमकं त्या खाचेतून बाहेर पडत होतं. पुढं त्याला वाट शोधावी लागलीच नाही. आमच्या चाकांनी सरळ उताराला धरून पाडलेली चाकोरी तयार होती. लाल गढूळ पाणी तिच्यातून धावत होतं, आणि खाली एका झाडाची मुळं बोटांसारखी उघडी पडलेली. चाकोरीबाहेर पडा म्हणून सगळे सांगतात. मी चांगली ढोपरभर खोल पाडून ठेवली होती.

मग वाचायला लागलो. पायवाटा बांधणारे लोक एक साधा नियम पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. वाट आडवी, वळत न्यायची, खालच्या बाजूला किंचित कलती ठेवायची. म्हणजे पाणी ती ओलांडून जातं, तिच्यातून वाहत नाही. हेही कळलं, की हा खेळ वाढला तोही शहराजवळच्याच डोंगरावर, सॅन फ्रान्सिस्कोलगतच्या माउंट टॅमवर. १९७६ साली त्या भागातल्या पोरांनी जुन्या जड सायकलींची शर्यत लावली. एका उतरणीत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई, ते पुन्हा भरावं लागे. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं, ‘रीपॅक’. पुढं तिथल्या अरुंद पायवाटांवर सायकलींना मनाई झाली. मनाई करणाऱ्यांचा मला पूर्वी राग आला असता.

आता गुडघा कुरकुरतो. बांध आला की उतरतो, सायकल उचलून पलीकडे ठेवतो. फिरायला येणारे एक आजोबा विचारतात, “काय हो, पंक्चर?” मी हो म्हणतो. सगळं समजावून सांगण्याइतका दम तेव्हा उरलेला नसतो.

तुम्हीही टेकडीवर सायकल नेत असाल, तर पाऊस पडून गेल्यावर आधी वाटेवरचा मुरूम अंगठ्यानं दाबून बघा. ओला लागला तर त्या दिवशी चालत जा.