सालेकसा स्टेशनवरची माय

सालेकसा, जि. गोंदिया
पौष पौर्णिमा

प्रिय ताई,


मिलवॉकीच्या कॅथीड्रल स्क्वेअरमधल्या पुतळ्याचा फोटो पोचला. नातवाला फिरवायला नेतेस तेव्हा त्या बाईपुढे थांबतेस आणि आपली माय आठवते, असं लिहिलंस. ‘इमिग्रंट मदर’ हे त्या शिल्पाचं नाव. परमुलखात येऊन संसार उभे केलेल्या, नावगाव मागे न राहिलेल्या आयांसाठी एखादं शहर ब्राँझ ओतून घेतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. मग शिल्पकाराबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

इव्हान मेश्त्रोविच क्रोएशियाचा. त्याचे आईवडील डाल्मेशियातल्या ओतावित्से नावाच्या कोरड्या, खडकाळ गावचे. मजुरीसाठी ते स्लाव्होनियाच्या सुपीक पट्ट्यात गेले होते आणि तिथेच, व्रपोल्ये गावी, १८८३ साली हा जन्मला. आपल्याकडची बाई मिरची तोडायला तेलंगणात जाते आणि तिकडेच बाळंत होते, तसंच की गं हे! लहानपणी त्याने मेंढ्या राखल्या, पुढे स्प्लिटला पाथरवटाच्या हाताखाली शिकला, १९४७ साली तुमच्या अमेरिकेत गेला. हे शिल्प १९६० चं, म्हणजे त्याची पंचाहत्तरी उलटल्यानंतरचं. दोनच वर्षांनी तो गेला. त्या हातांनी कोणाची आई घडवली असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आता इथलं सांगते. धान निघालं, मळणी झाली, बांध्या मोकळ्या पडल्या. ज्याच्या शेताला पाणी नाही त्याला आता मोहफुलापर्यंत आणि पुढे तेंदूपत्त्यापर्यंत गावात काम नाही. ठेकेदाराचा माणूस उचल देऊन गेला की बाया बांधाबांध करतात. परवा स्टेशनवर गेले होते. फलाटावर एक बाई चुंगडीवर बसली होती. चुंगडीत तांदूळ, वर गंज आणि तवा सुतळीने बांधलेला. मांडीवर तान्हं. शेजारी पहिली-दुसरीतली वाटावी अशी पोरगी, आजीचं बोट धरून. गाडी आली. बाई तान्ह्याला घेऊन चढली आणि पोरगी आजीजवळ फलाटावर राहिली. शाळा बुडू नये म्हणून. पोरगी रडली नाही. तिला सवय झाली होती, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

ताई, तुझ्या फोटोतल्या आईची लेकरं तिच्याजवळ आहेत. जिजाऊच्या पुतळ्यात शिवबा शेजारी असतो, झाशीच्या राणीच्या पाठीला बाळ बांधलेलं असतं. आमची माय मात्र एक लेकरू नेते नि एक ठेवते. न्यावं तर त्याचं वर्ष वाया, ठेवावं तर तिचा जीव गावात अडकलेला. हा निवाडा ती दर पौषात करते.

पुढच्या महिन्यात माघी पौर्णिमेला कचारगडची यात्रा आहे. आठवतं ना, दरेकसाला उतरून धनेगाववरून चालत जायचं ते? गोंडांच्या कथेत कली कंकालीची तेहेतीस लेकरं शंभूने तिथल्या गुहेत कोंडली, तोंडावर शिळा लावली, आणि ती माय बाहेर रडत राहिली. हिरासुका पाटालीरच्या वाद्यांनी शिळा हलली, गुरू पारी कुपार लिंगोने लेकरं सोडवली, पण हिरासुका त्या शिळेखाली गेला. राज्याराज्यांतून गोंड समाज आजही तिथे माथा टेकायला येतो. लेकरांपासून तुटलेल्या आईचं एवढं मोठं ठाणं आपल्याच तालुक्यात आहे, आणि तिथून जवळच्याच रुळांवरून आजच्या कंकाली दरवर्षी निघून जातात.

मजुरांचे पुतळे आपल्या देशात नाहीत असं नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरींचं ‘ट्रायंफ ऑफ लेबर’ आहे, १९५९ चं. चार पुरुष खडक हलवताहेत. बाई नाही. ती दिसली २०२० साली, कोलकात्याच्या बरिशा क्लबच्या दुर्गापूजेत. टाळेबंदीत पायी घरी निघालेली मजूर आई, कडेवर उघडं लेकरू, आणि तीच दुर्गा. पल्लव भौमिक यांनी घडवलेली ती मूर्ती फायबरची होती. त्याच वर्षी तशाच बाया आपल्या गोंदियातून छत्तीसगडकडे चालत गेल्या. त्यांना आपण पाणी पाजलं, भाकरी दिली आणि पुढच्या वर्षी विसरलो.

आपल्या स्टेशनसमोर अशी एक मूर्ती हवी, असं मला मनापासून वाटतं. पण त्याआधी तिच्या लेकरांची सोय हवी. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली कायदा झाला, शासनाची हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे. आईबाप परतेपर्यंत लेकरांनी गावातच राहावं, जेवावं, शिकावं, ही कल्पना चांगलीच आहे. पण ते वसतिगृह धान कापणीच्या आधी उघडलं पाहिजे. बाया गाडीत बसल्यावर कागद हलून उपयोग नाही. आणि आजी थकली, तर त्या लेकरांना रात्री जवळ घ्यायला गावातलीच एखादी बाई पगारावर ठेवली पाहिजे.

तुम्ही तिथली मराठी मंडळी गणपतीत वर्गणी काढून इकडे काही ना काही पाठवता. यंदा देवळाच्या कमानीसाठी पाठवू नका. गावात एक मोठी खोली, अंथरुणं, दोन वेळचं जेवण आणि एका बाईचा पगार, एवढ्याची तजवीज दिवाळीआधी झाली तर पुढच्या पौषात ती पोरगी तिथे राहील. मंडळींना विचार आणि लगेच कळव.

तुझी धाकटी बहीण